दहा चाचण्यांची पाणी तपासणी पेटी: कोकणातल्या बावीवर किती भरवशाची?

ग्रामपंचायतीच्या कपाटात असते ती पाणी तपासणीची पेटी, म्हणजे फील्ड टेस्ट किट, आता कोणालाही मागवता येते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना ती वापरायला शिकवायचं ठरलं आणि पेटी गावोगाव पोचली. आता बागायतदार, घरगुती खानावळी आणि गृहनिर्माण सोसायट्याही ती घेतात. गढूळपणा, पीएच, कठीणपणा, अल्कता, क्लोराइड, उरलेला क्लोरीन, लोह, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतूंची बाटली अशा दहा चाचण्या तिच्यात असतात. बनवणारे बरेच असले तरी आतला माल जवळपास सारखाच, म्हणून इथे कंपनीवार तुलना केलेली नाही. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पाण्यावर ही पेटी काय सांगते, कुठे चकवते आणि तिच्या जोडीला काय लागतं, हे मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण पेटीतलं माहितीपत्रक यातलं फारसं काही सांगत नाही.

आमचं मत आधीच सांगतो. क्लोराइड, उरलेला क्लोरीन आणि जंतूंची बाटली या तीन गोष्टींसाठी पेटी जरूर घ्यावी. पीएच आणि कठीणपणाच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नये. नदीवर ती नेऊ नये. पेटी बोलते ती त्या दिवशी भरलेल्या त्या कळशीबद्दल. बावीची तब्येत कळायला त्याच बावीवर, ठरलेल्या दिवशी, भरती-ओहोटीची वेळ लिहून, वर्षभर तीच मापं घ्यावी लागतात.

किनाऱ्यावर सगळ्यात मोलाची चाचणी क्लोराइडची. मोजनळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकून ते पिवळं करायचं आणि मग सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडत हलवत राहायचं. पिवळ्यावर विटकरी झाक येऊन ती हलवूनही टिकली की थांबायचं. गडद विटकरी होईपर्यंत थेंब टाकत राहणं ही नेहमीची चूक, आणि त्याने आकडा उगीच फुगतो. एका थेंबाला किती मिलिग्रॅम हे प्रत्येक पेटीत वेगळं असतं, ते माहितीपत्रकावरून बाटलीवर मार्करने लिहून ठेवा. ड्रॉपर सरळ उभा धरा, कारण तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो आणि थेंबांनीच मोजायचं असल्यामुळे सगळा हिशेब बिघडतो.

जांभ्या दगडातल्या बावीवर इथे एक खोच आहे, ती कोणत्याही माहितीपत्रकात दिसली नाही. ही चाचणी पीएच ७ ते १० च्या दरम्यान नीट चालते. जांभ्यातून झिरपलेलं पाणी बऱ्याचदा आंबटपणाकडे झुकलेलं असतं, पीएच ६ किंवा त्याहून खाली. अशा पाण्यात क्रोमेटचं डायक्रोमेट होऊ लागतं, रंग नारिंगीकडे सरकतो, विटकरी झाक उशिरा उमटते आणि क्लोराइड प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं. त्यावर उपाय म्हणजे सिल्व्हर नायट्रेट टाकण्याआधी नळीत चिमटीच्या टोकावर मावेल एवढा खायचा सोडा विरघळवायचा. मीठ चालणार नाही, कारण मीठ म्हणजेच क्लोराइड. सोडा शुद्ध आहे ना, हे बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यावर एकदा पडताळून घ्या. त्यात सोडा टाकून पहिल्या-दुसऱ्या थेंबालाच विटकरी झाक आली, तर सोडाही चांगला आणि डिस्टिल्ड पाणीही.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० मिलिग्रॅम मानतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं. म्हणजे गोड्या बावीत १ टक्का समुद्र मिसळला, तरी क्लोराइड १९० ने वाढतं. जिभेला याचा पत्ता बऱ्याचदा लागत नाही, नळीला लागतो. म्हणूनच २५० ओलांडेपर्यंत वाट पाहायची नाही. पावसाळ्यानंतर ४० असलेलं क्लोराइड मार्चमध्ये ९० आणि मेमध्ये १६० झालं, तर तिन्ही आकडे मर्यादेत असूनही ती बाव आजारी आहे. देवबागसारख्या, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी असलेल्या वाळूच्या पट्ट्यात गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची जेवढी उंची, त्याच्या साधारण ४० पट खोली खाली. ढोबळ हिशेबाने वर १० सेंटिमीटर पातळी कायमची उतरली, तर खालचं खारं पाणी ४ मीटर वर सरकायची शक्यता असते. मोठ्या पंपाने तासन् तास उपसा केला की पंपाखालीच खारं पाणी उंचावतं. पंप लहान आणि उपसा टप्प्याटप्प्याने, हेच तिथे करण्यासारखं असतं.

हे उंचावणं वरवरच्या कळशीत दिसत नाही. त्यासाठी तळाचं पाणी काढायचं एक साधं साधन घरीच होतं. काचेच्या जड बाटलीच्या तळाशी दगड किंवा शिशाचं वजन घट्ट बांधायचं, तोंडाला सैल बूच लावायचं, एक दोरी बाटलीला आणि दुसरी बारीक दोरी बुचाला. बाटली तळापासून हातभर वर असताना बारीक दोरीला हिसका द्यायचा, बूच निघतं, बुडबुडे येतात, ते थांबले की वर ओढायचं. वरचं आणि तळाचं क्लोराइड शेजारी शेजारी लिहा. दोन्हीत दुपटीचा फरक दिसला तर पंपाचं फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारं खालचं तोंड, वर घेणं हा पहिला, बिनखर्चाचा इलाज.

क्लोराइडच्या जोडीला काहीशे रुपयांचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा पेन लोक घेतात. तो घ्यावा, पण तो काय मोजतो हे ओळखून. पेन विद्युतवाहकता मोजतो आणि तिला एका ठरलेल्या गुणकाने गुणून टीडीएस दाखवतो. हा गुणक कुठल्या पेनमध्ये ०.५, कुठल्या ०.७, त्यामुळे दोन पेनचे आकडे जुळत नाहीत आणि लोक पाण्याला दोष देतात. वाहकता थेट दाखवणारा पेन मिळाला तर तोच घ्या आणि १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाणित द्रावणात महिन्याला एकदा बुडवून पाहा. तीन आकडी पडद्याच्या पेनमध्ये ९९९ च्या पुढे कोपऱ्यात बारीक ‘×१०’ उमटतं. ते नजरेतून सुटलं की १८०० चं पाणी १८० म्हणून वहीत जातं. खाडीकाठच्या नोंदींत ही चूक हमखास सापडते. शिवाय पेनला मीठ कळतं, जंतू कळत नाहीत. जांभ्यातल्या बावीचा ५० आकडा पाहून पाणी ‘एकदम शुद्ध’ ठरवणं धोक्याचं आहे, कारण जांभा इतका सच्छिद्र असतो की शोषखड्ड्यातलं पाणीही तितक्याच सहज बावीत उतरतं.

तिथे कामाला येते ती जंतूंची बाटली. बाटलीतल्या पावडरवर खुणेपर्यंत पाणी ओतून ३० ते ३७ अंशांत २४ ते ४८ तास ठेवायची. विष्ठेच्या प्रदूषणासोबत येणारे जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि पाणी काळं पडतं. काळं किती तासांत पडलं ते लिहा. बारा-पंधरा तासांत पडलं तर घाण भरपूर, ४८ तासांच्या टोकाला पडलं तर कमी. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारवा असतो, बाटली उघड्यावर राहिली तर जंतू वाढत नाहीत आणि घाण पाणी पास होतं. फडक्यात गुंडाळून तांदळाच्या पिंपात किंवा फ्रिजच्या मागे कोमट जागी ठेवा. बुचाच्या आतल्या बाजूला बोट लागता कामा नये. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर लगेच घेतलेला नमुना काहीच दाखवणार नाही, कारण बाटलीतही क्लोरीन जंतू मारत राहतो. अशा वेळी क्लोरीन निकामी करणारं थायोसल्फेट घातलेलीच बाटली वापरावी.

खाजणाजवळच्या बावींवर उलटा घोळ होतो. खारफुटीच्या काळ्या चिखलातून आलेल्या पाण्यात सल्फाइड आधीपासूनच असतं, त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. असं पाणी ओतल्यावर मिनिटांत काळं झालं, तर ते चिखलाचं सल्फाइड, जंतूंबद्दल त्यातून काहीच ठरत नाही. तिथे नमुना प्रयोगशाळेतच न्यावा. निर्जंतुक बाटली, नळाचं तोंड आधी ज्योतीने शेकलेलं, बाटलीत वर थोडी हवा, बर्फाच्या डब्यात, शक्यतो सहा तासांत. आणि बाटली काळी न पडणं म्हणजे काविळीचे विषाणू नाहीत असंही नव्हे. पावसाळ्यात पाणी उकळून प्यायचं ते प्यायचंच.

उरलेल्या क्लोरीनची चाचणी सोपी आणि भरवशाची. शेवटच्या घराच्या नळाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मिळायला हवा, आणि टीसीएल टाकल्यावर अर्धा तास थांबूनच मोजायचं. ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या चाचणीच्या द्रवाचा रंग ताबडतोब वाचावा. पाच मिनिटं ठेवला तर अमोनियाला चिकटलेला, कमी कामाचा क्लोरीनही रंगात धरला जातो आणि आकडा चांगला दिसतो. त्याऐवजी डीपीडी या दुसऱ्या रसायनाच्या गोळ्या असलेली पेटी मिळाली तर ती अधिक बरी. कोकणातली खरी अडचण चाचणीची नाही, टीसीएलच्या पोत्याची आहे. ३३ टक्के क्लोरीनची ताजी पावडर १००० लिटरला ३ ग्रॅम टाकली की लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम क्लोरीन होतो. बाव ३ मीटर व्यासाची आणि पाणी २ मीटर असेल, तर ०.७८५ गुणिले ३ गुणिले ३ गुणिले २, म्हणजे १४ घनमीटर, १४ हजार लिटर, सुमारे ४२ ग्रॅम. पण दमट हवेत उघडं राहिलेलं पोतं महिन्या-दोन महिन्यांत निम्म्यावर येतं. गावातलं पाणी शुद्ध करणारे जलसुरक्षक माप बरोबर टाकतात आणि तरी नळी रंगत नाही, तेव्हा त्यांना बोल लावण्याआधी पोतं तपासा.

आता कमकुवत बाजू. पीएच रंगपट्टीवरून अर्ध्या अर्ध्या एककात वाचायचा असतो, आणि जांभ्यातल्या मऊ पाण्यात क्षार इतके थोडे की निर्देशकाचे थेंबच त्या पाण्याचा पीएच हलवतात. कठीणपणाच्या चाचणीत वाइनसारख्या लाल रंगाचा स्वच्छ निळा व्हायला हवा. बफरच्या बाटलीतला अमोनिया उडून गेला की रंग जांभळ्यावरच रेंगाळतो. बूच उघडल्यावर नाकाला झोंबलं नाही तर ती बाटली बाद. तशीही मऊ पाण्यात एका थेंबालाच रंग बदलतो, आणि एका थेंबाच्या मापात फरक कसला पाहणार? बेसाल्टातल्या बोअरवेलवर ही चाचणी थोडी कामाची.

नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, पण काही रंगपट्ट्या नायट्रेट-नायट्रोजन दाखवतात. त्या आकड्याला ४.४३ ने गुणायचं. पट्टीवर १० दिसलं आणि ‘४५ च्या आत’ म्हणून सोडलं, तर प्रत्यक्षात काठावरचं पाणी सोडलं. या चाचणीची पावडर पावसाळ्यात गठ्ठा होते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्या रंग बदलल्या की तव्यावर कोरड्या करा. आकडा वर्षागणिक चढत असेल तर बावीच्या चढाकडे असलेला संडासाचा खड्डा, गोठा, खताचा ढीग शोधा. १५ मीटर अंतराचा रिवाज मातीसाठी ठीक आहे. जांभ्याच्या भोकांतून आणि कातळाच्या भेगांतून पाणी त्याहून लांब जातं.

लोह जागच्या जागीच तपासावं. बोअरवेलचं पाणी हंड्यात भरताना नितळ आणि तासाभरात तांबूस, म्हणजे विरघळलेलं लोह हवेने गंजून तळाशी बसलं. ते पाणी घरी नेऊन वरचं घेतलं तर लोह कमीच दिसणार. जुन्या पेट्यांच्या कार्डावर ०.३ ची मर्यादा छापलेली असते, २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती १.० आहे. फ्लोराइडचा त्रास यवतमाळ-चंद्रपूरकडे मोठा. इथे नव्या बोअरवेलवर एकदा करून पाहिलं की बहुतेक ठिकाणी पुरतं.

पेटीत नसलेली आणि आमच्या मते सगळ्यात आधी घ्यावी अशी वस्तू म्हणजे ३० मीटरचा फायबरचा टेप, टोकाला वजन आणि शेवटच्या मीटरला खडू. खडू ओला झाला तिथपासून कठड्यापर्यंतची लांबी वाचा, कठड्याची उंची वजा करा, जमिनीपासून पाणी किती खोल ते मिळतं. कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. पंप बंद होऊन रात्र गेल्यावर, पहाटे, पहिली कळशी निघण्याआधी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. त्याच महिन्यांत तुमचीही घ्या, म्हणजे शेजारी ठेवून पाहता येईल.

ही पातळी कोकणात इतकी का महत्त्वाची? देशाच्या भूजल मूल्यांकनात तालुक्याची वर्गवारी उपशाच्या टक्केवारीवर ठरते. वर्षाला उपसता येण्याजोग्या पाण्यातलं ७० टक्क्यांपर्यंत उपसलं तर सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित, त्यापुढे अतिशोषित. कोकणात उपसा कमी, म्हणून तालुके ‘सुरक्षित’ रकान्यात येतात, आणि त्याच तालुक्यांतल्या सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. आकडा खोटा नाही. तो उपसा मोजतो, गळती मोजत नाही. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडलेला पाऊस जांभ्यात मुरतो, खालच्या चिकण थरावर अडतो आणि उताराला झऱ्यांतून पऱ्ह्याला, व्हाळाला जाऊन मिळतो. दिवाळीनंतर दोन महिन्यांत पातळी किती उतरते, ते तुमचा टेप सांगतो. उतार जलद असेल तर नवी बोअरवेल मारण्यापेक्षा झऱ्याच्या वरच्या बाजूचा सडा राखणं आणि ऑक्टोबरातच वनराई बंधारे घालणं अधिक फळतं.

नदीसाठी ही पेटी नको म्हटलं, त्याचं कारण सरळ आहे. नदीची तब्येत विरघळलेल्या प्राणवायूवर, बीओडीवर (घाण कुजताना लागणाऱ्या प्राणवायूवर), अमोनियावर आणि कारखान्यांच्या खाली धातूंवर कळते, आणि यातलं एकही पेटीत नाही. सावित्री आणि वाशिष्ठी या नद्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत आलेल्या आहेत. तिथे क्लोराइड आणि कठीणपणा ‘योग्य’ निघाला म्हणून नदी बरी ठरत नाही. प्राणवायूची वेगळी पेटी मिळते. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली बुडबुडा न राहता भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड नदीकाठीच टाकायचं. तपकिरी गाळ बसला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही, हे तिथल्या तिथे डोळ्यांना दिसतं. पुढे आम्लात गाळ विरघळवून थायोसल्फेटने मोजायचं. ३० अंशांच्या पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम मावतो. आंघोळीच्या दर्जाला ५ लागतो. ४ च्या खाली गेला तर नेहमीची शुद्धीकरण प्रक्रिया करूनही ते पाणी पिण्याच्या स्रोताच्या दर्जात बसत नाही. नमुना पहाटेचाच घ्या, कारण दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं आणि दुपारची नदी निरोगी भासते. काठाचं पाणी नको, धारेतलं, पृष्ठभागाखाली फूटभर.

वाशिष्ठीवर आणखी एक गोष्ट वहीत लिहावीच लागते. कोयनेच्या वीजगृहांतून बाहेर पडणारं पाणी या नदीत येतं आणि ते वीजनिर्मितीच्या तासांप्रमाणे कमी-जास्त होतं. पाणी सुटलेलं असताना घेतलेला नमुना पातळ, बंद असताना घेतलेला दाट. दोन्ही शेजारी ठेवून ‘नदी सुधारली’ म्हणणं चूक. चिपळूणच्या खाली भरतीचा जोर येतो, तिथे नमुना ओहोटीच्या शेवटी घ्या आणि तिथी लिहा, उधाण की भांग ते कळेल.

धामापूरसारख्या तळ्यावर पेटीपेक्षा २० सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून सोडणं जास्त बोलकं. दिसेनाशी होते ती खोली, म्हणजे पाण्याचा नितळपणा, दर महिन्याला लिहा.

घेताना प्रत्येक बाटलीवरची मुदत पाहा, नुसत्या खोक्यावरची नको. सिल्व्हर नायट्रेट गडद बाटलीत असावं, बोटं काळी करतं म्हणून हातमोजे घाला. बाटल्या सुट्या मिळतात का हे आधी विचारा, कारण शंभर चाचण्यांच्या पेटीत क्लोराइड आणि जंतूंच्या बाटल्या सहा महिन्यांत संपतात आणि फ्लोराइड तसंच मुदत गाठतं. वापरलेल्या नळ्यांतलं पाणी बावीच्या पाखाडीवर ओतू नका, क्रोमेट विषारी आहे. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवून, नमुने द्यायला जाल तेव्हा जिल्हा प्रयोगशाळेत द्या. काळ्या पडलेल्या बाटल्यांत टीसीएलचं दाट पाणी भरून रात्रभर ठेवावं, मगच त्या रिकाम्या कराव्यात.